सृष्टिग्रंथाचीं अक्षरें जपणारा : आल्फ्रेड रसेल वॉलेस

डार्विनचें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा विद्यार्थी वरच्या वर्गांत सहसा सांपडणार नाहीं. परंतु ज्या सिद्धान्तामुळें डार्विनची कीर्ति जगभर पसरली, तोच सिद्धान्त एका दूरच्या बेटावर तापानें फणफणलेल्या दुसऱ्या एका गरीब प्रवाशालाहि स्वतंत्रपणें सुचला होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. पशुपक्ष्यांच्या व वनस्पतींच्या जाती डोळ्यांदेखत नष्ट होऊं देणें हा मनुष्याचा अपराध आहे, असें त्याच प्रवाशानें १८६३ सालीं आपल्या देशबांधवांस बजाविलें होतें, हें तर त्याहूनहि थोड्यांना ठाऊक असतें. या पुरुषाचें नांव आल्फ्रेड रसेल वॉलेस. त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे. त्याच्या विद्वत्तेइतकीच त्याच्या मनाची ठेवण आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहण्यासारखी आहे.

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ रोजीं वेल्सच्या सरहद्दीवरील अस्क या गांवाजवळ झाला. वडिलांनीं कायद्याचें शिक्षण घेतलें होतें, पण वकिली कधीं केली नाहीं. आणि जवळ होतें तें द्रव्य फसलेल्या व्यवहारांत हळूहळू गेलें. कुटुंब मोठें व मिळकत थोडी, यामुळें हर्टफर्ड येथील आल्फ्रेडची शाळा वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास सुटली ती कायमचीच. विद्यापीठाचें तोंड त्यानें विद्यार्थी म्हणून कधींहि पाहिलें नाहीं. वडील भाऊ विल्यम जमीनमोजणीचें काम करीत असे. त्याच्या हाताखालीं हा मुलगा गांवोगांव हिंडूं लागला. दिवसभर शेतांतून व डोंगरांतून साखळी ओढावयाची, आणि वाटेंत दिसणाऱ्या रानफुलांचें नांव कोणाला विचारावें तर सांगणारा कोणी नाहीं, अशी त्याची स्थिति होती. शेवटीं त्यानें एक शिलिंग किंमतीचें वनस्पतिशास्त्राचें लहानसें पुस्तक विकत घेतलें व त्याच्या आधारानें वनस्पति ओळखून, वाळवून, त्यांचा संग्रह करण्यास आरंभ केला. त्या एका शिलिंगानें त्याच्या आयुष्याला दिशा लावून दिली असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मोजणीचें काम मंदावलें तेव्हां १८४४ सालीं वॉलेसनें लेस्टर येथील एका शाळेंत शिक्षकाची नोकरी धरिली. नकाशे काढणें, रेखाकला व मोजणी हे विषय तो शिकवीत असे. या नोकरींत त्याला दोन मोठे लाभ झाले. एक म्हणजे गांवांतील वाचनालय. तेथें त्यानें लोकसंख्येच्या वाढीविषयींचा माल्थसचा ग्रंथ वाचला. दुसरा म्हणजे हेन्री वॉल्टर बेट्स या तरुणाची मैत्री. बेट्सला भुंगेरे जमविण्याचा नाद होता. या एका गांवाच्या दहा मैलांच्या परिसरांत भुंगेऱ्यांच्या सुमारें एक हजार निरनिराळ्या जाती मिळतील, असें त्यानें सांगितलें तेव्हां वॉलेस थक्क झाला. रोजच्या वाटेवर एवढी विविधता पडलेली असावी आणि आपल्याला तिचा पत्ताहि नसावा! ती कोठून व कशी उत्पन्न झाली, हा प्रश्न त्या दिवसांपासून त्याच्या मनांत घर करून राहिला.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं दोघे मित्र १८४८ सालीं दक्षिण अमेरिकेंत ॲमेझॉन नदीच्या मुखाशीं असलेल्या पारा बंदराला निघाले. दोघांपाशींहि पैसा नव्हता. दुर्मीळ कीटक व पक्षी जमवावयाचे, ते लंडनमधील सॅम्युएल स्टीव्हन्स या अडत्याकडे पाठवावयाचे, आणि विक्रींतून येईल त्यावर गुजराण करावयाची, असा त्यांचा बेत होता. वॉलेस त्या अरण्यांत चार वर्षें राहिला. धाकटा भाऊ हर्बर्ट त्याच्या मदतीस आला होता. तो १८५१ सालीं पारा येथें पीतज्वरानें वारला. वॉलेस त्या वेळीं नदीच्या वरच्या अंगाला शेंकडों मैल दूर होता. या प्रवासांत एक गोष्ट त्याच्या ध्यानांत आली. मोठ्या नदीच्या एका कांठावर माकडांची जी जाति आढळे ती पुष्कळदां समोरच्या कांठावर मुळींच आढळत नसे. तेथील शिकाऱ्यांना हें पक्कें माहीत होतें. हवें तें जनावर मिळविण्यासाठीं ते नदी ओलांडून जात. अमका प्राणी कोठला, हें नेमकें लिहून ठेवल्यावांचून त्याचें ज्ञान अपुरें आहे, हा धडा वॉलेस येथें शिकला.

१८५२ च्या जुलै महिन्यांत आपला संग्रह घेऊन तो ‘हेलन’ नांवाच्या जहाजानें स्वदेशीं निघाला. ६ ऑगस्ट रोजीं भर समुद्रांत जहाजाला आग लागली. हातीं लागलेल्या एका पत्र्याच्या पेटींत थोडीं चित्रें व टिपणें घेऊन तो होडींत उतरला. बरोबर आणलेल्या जिवंत माकडांपैकीं एकहि वांचलें नाहीं. पांखरांपैकीं पाण्यांत पडलेला एक पोपट तेवढा हातीं लागला. दोन वर्षांच्या उन्हापावसांत जमविलेले कीटक, पक्षी, रोजनिश्या, सारें त्याच्या डोळ्यांपुढें जळून गेलें. गळक्या होडींत दहा दिवस काढल्यावर एका वाटेनें जाणाऱ्या जहाजानें त्यांना वर घेतलें, आणि १ ऑक्टोबर रोजीं तो इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. स्टीव्हन्सनें दूरदृष्टीनें संग्रहाचा विमा उतरविला होता, म्हणून त्याच्यावर उपाशी राहण्याची पाळी आली नाहीं. पुन्हां समुद्रावर पाऊल ठेवावयाचें नाहीं, अशी त्यानें मनाशीं शपथ घेतली. परंतु पुरतीं दोन वर्षेंहि लोटलीं नाहींत तों तो पुन्हां निघाला, तो पूर्वेकडे मलाया द्वीपसमूहाकडे.

१८५४ च्या एप्रिल महिन्यांत वॉलेस सिंगापूरला उतरला आणि पुढील आठ वर्षें त्यानें या बेटांवर घालविलीं. या अवधींत त्याचा सुमारें १४,००० मैल प्रवास झाला. त्यानें जमविलेल्या नमुन्यांची संख्या १,२५,६६० होती. त्यांत एकट्या भुंगेऱ्यांचे ८३,२०० व पक्ष्यांचे ८,०५० नमुने होते. एवढें काम एका माणसाच्या हातून होणें अशक्य. वॉलेसबरोबर अनेक स्थानिक मदतनीस असत. त्यांत सारावाक येथील अली नांवाचा मलायी तरुण प्रमुख होता. तो प्रथम स्वयंपाकी म्हणून आला व पुढें उत्तम शिकारी व संग्राहक बनला. बाचान बेटावर एका अपूर्व पक्ष्याचा पहिला नमुना १८५८ सालीं त्यानेंच मिळविला. शास्त्रांत तो पक्षी वॉलेसच्या नांवानें ओळखला जातो. पण तो प्रथम अलीनें आणून दिला, हें वॉलेसनें आपल्या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. दुसऱ्याचें श्रेय न लपविणें हा त्याचा स्वभावच होता.

येथें एक अप्रिय गोष्टहि सांगणें आम्हांस प्राप्त आहे. १८५५ सालीं बोर्निओच्या जंगलांत वॉलेसनें अनेक ओरांग-उटांग मारले. त्यांचीं कातडीं व सांगाडे पदार्थसंग्रहालयांना हवे असत आणि त्यांची किंमतहि चांगली येई. एकदां एक मादी मारल्यावर चिखलांत तिचें तान्हें पिलूं सांपडलें. वॉलेस त्याला घरीं घेऊन आला. दूध मिळेना, म्हणून तो त्याला तांदुळाची पेज पाजी, अंघोळ घाली, सोबतीला एक लहान माकड आणून देई. पिलूं त्याच्या बोटांना घट्ट धरून राही. सुमारें तीन महिन्यांनीं तें मेलें, आणि वॉलेसला फार वाईट वाटलें. ज्या हातानें आईवर गोळी झाडली त्याच हातानें पिलाला पेज पाजावी, ही विसंगति वाचकांना खटकेल, आम्हांसहि खटकते. त्या काळीं नमुना मारल्यावांचून अभ्यास होत नसे, हें खरें. तथापि चांगल्या मनाचा व चांगल्या हेतूचा मनुष्यहि आपण काय उणें करीत आहों हें त्या क्षणीं पाहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. २०१६ सालीं बोर्निओच्या ओरांग-उटांगची गणना नामशेष होण्याच्या अगदीं कांठावर असलेल्या प्राण्यांत झाली. त्यांचीं जंगलें तोडणाऱ्यांपैकीं पुष्कळांनाहि आपण कांहीं वाईट करीत आहों असें वाटलें नसेल.

१८५६ च्या जून महिन्यांत बाली बेटावरून वॉलेस लाँबॉक बेटावर गेला. दोन्ही बेटें समोरासमोर आहेत. मधली सामुद्रधुनी अरुंद भागीं १५ मैलांहूनहि कमी आहे. हवा तीच, पाऊस तसाच, ज्वालामुखी डोंगरहि तसेच. परंतु बालीवर जे सुतार व तांबट पक्षी त्यानें पाहिले होते ते लाँबॉकवर दिसेनात. त्यांच्या जागीं पांढरे काकाकुवे ओरडत होते आणि पालापाचोळ्याचे ढीग रचून त्यांत अंडीं घालणारे, कोंबडीसारखे पक्षी हिंडत होते. हे ऑस्ट्रेलियाकडील पक्षी होत. दोन तासांच्या जलप्रवासांत जणूं आशिया खंड संपून ऑस्ट्रेलियाचें राज्य सुरू झालें होतें. याचें कारण समुद्राच्या तळाशीं आहे. बाली, जावा, सुमात्रा व बोर्निओ यांच्यामधील समुद्र उथळ आहे. हिमयुगांत समुद्राची पातळी खालीं गेली तेव्हां तीं आशियाला जमिनीनें जोडलेलीं होतीं. बाली-लाँबॉकमधील पाणी मात्र खोल आहे. तें कधीं आटलें नाहीं. वॉलेसनें १८६३ सालीं नकाशावर ही सीमा आंखून दाखविली; आज ती वॉलेस-रेषा या नांवानें भूगोलाच्या पुस्तकांत आहे. पृथ्वीचा हाललेला इतिहास पक्ष्यांच्या वस्तीवरून वाचतां येतो, असें तिनें सिद्ध केलें.

पुढल्या वर्षीं, १८५७ सालीं, न्यू गिनीजवळच्या आरू बेटांवर त्याला स्वर्गपक्षी प्रथम त्यांच्या रानांत पाहावयास मिळाले. या पक्ष्यांचीं पाय कापलेलीं कातडीं व्यापारी पूर्वीं युरोपांत नेत. त्यावरून, हे पक्षी जमिनीवर उतरतच नाहींत व आकाशांतच राहतात, अशी भोळी समजूत तिकडे पसरली होती. लाल मखमलीसारख्या अंगाचा व शेपटीच्या दोन तारांच्या टोंकांवर हिरवी चकती मिरविणारा राजस्वर्गपक्षी हातांत आला तेव्हां वॉलेसचा आनंद गगनांत मावेना. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ एक उदास विचार त्याच्या मनांत आला. कोणाचीहि दृष्टि पडत नसतांना या पक्ष्याच्या असंख्य पिढ्या या अंधाऱ्या रानांत जन्मल्या व गेल्या. उद्यां सुधारलेला मनुष्य येथें येईल तेव्हां तो रानाचा तोल बिघडवील, आणि ज्या सौंदर्याची पारख करण्याची बुद्धि त्यालाच आहे तें सौंदर्य त्याच्याच हातून नाहींसें होईल. मग सर्व जीव माणसाच्या उपयोगासाठींच निर्माण झाले, असें कसें म्हणतां येईल? त्यांचें जगणें, त्यांचें सुख व त्यांची धडपड हीं त्यांच्या स्वतःसाठीं आहेत, असा निष्कर्ष त्यानें काढला. आमच्या मतें वॉलेसच्या सर्व कार्याचें बीज या एका विचारांत आहे.

१८५८ च्या फेब्रुवारींत मोलुक्का बेटांत तो हिंवतापानें अंथरुणाला खिळला. कधीं थंडी तर कधीं दाह, अशा अवस्थेंत त्याला माल्थसच्या ग्रंथाची आठवण झाली. प्रत्येक प्राणी आपल्या वंशाची इतकी वाढ करतो कीं सगळे जगणें शक्य नाहीं. मग कांहीं मरतात व कांहीं तगतात तें कशामुळें? जे परिस्थितीला अधिक अनुरूप असतात ते तगतात, आणि हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला कीं नवी जाति तयार होते. ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांत त्यानें हा निबंध लिहून काढला व तर्नाते बेटाच्या पत्त्यावरून डार्विनकडे पाठविला. डार्विन वीस वर्षें याच विषयावर काम करीत होता. निबंध वाचून तो हादरला. लायेल व हूकर या त्याच्या मित्रांनीं तोड काढली, आणि १ जुलै १८५८ रोजीं लंडनच्या लिनियन सोसायटींत दोघांचेंहि लेखन एकत्र वाचण्यांत आलें. वॉलेसची संमति घेण्यास वेळच नव्हता. त्याला ही बातमी कांहीं महिन्यांनीं कळली.

आतां विद्यार्थ्यांनीं स्वतःस त्याच्या जागीं कल्पून पाहावें. आपण कष्टानें सोडविलेलें उदाहरण दुसऱ्याच्या नांवावर लागलें तर वर्गांत केवढा गिल्ला होतो! वॉलेसनें मात्र तक्रारीचा एक शब्दहि काढला नाहीं. उलट, डार्विनचें काम आपल्यापेक्षां कितीतरी अधिक व्यापक आहे, असें तो आयुष्यभर सांगत राहिला. मलाया द्वीपसमूहावरील आपला ग्रंथ त्यानें १८६९ सालीं डार्विनलाच अर्पण केला. आणि १८८९ सालीं याच सिद्धान्तावर मोठा ग्रंथ लिहिला त्याचें नांवहि ‘डार्विनिझम’ असें ठेविलें. सृष्टि केवळ आपल्यासाठीं नाहीं असें ज्याला मनापासून वाटत होतें, त्याला कीर्तिहि केवळ आपल्यासाठीं नाहीं असें वाटलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

१८६२ सालीं तो परत निघाला तेव्हां सिंगापूर येथें शंभर पौंड देऊन घेतलेले दोन जिवंत स्वर्गपक्षी त्याच्याबरोबर होते. या परतीच्या प्रवासांत वॉलेसचा आपल्या मुंबईला एक आठवडा मुक्काम झाला, ही गोष्ट आमच्या वाचकांना कौतुकाची वाटेल. मुंबईंत त्यानें पक्ष्यांसाठीं केळीं भरून घेतलीं. पण पक्ष्यांना कीटकहि लागत. आगबोटींत झुरळें कमी, म्हणून हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ रोज रात्रीं तासभर बोटीच्या पुढल्या भागांत झुरळें धरीत फिरे! माल्टा बेटावर एका पांवभट्टींत त्याला झुरळांचा भरपूर सांठा मिळाला व तो बिस्किटांच्या डब्यांत भरून त्यानें बरोबर घेतला. दोन्ही पक्षी सुखरूप लंडनला पोंचले. तेथील प्राणिसंग्रहालयांत एक पक्षी एक वर्ष व दुसरा दोन वर्षें जगला. हजारों पक्षी मारणारा हाच मनुष्य दोन पक्षी जगविण्यासाठीं रात्र रात्र जागला.

पुढल्याच वर्षीं, १८६३ च्या जून महिन्यांत, लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढें वॉलेसनें मलाया बेटांच्या भूगोलावर निबंध वाचला. त्याच्या अखेरीस त्यानें जें सांगितलें त्याचा आशय असा. पृथ्वीचा इतिहास हा एक ग्रंथ आहे आणि प्रत्येक जाति हें त्यांतील एक अक्षर आहे. कांहीं अक्षरें गळलीं कीं वाक्याचा अर्थ लागत नाहीं. त्याचप्रमाणें लागवडीच्या भरांत जाती नष्ट झाल्या कीं पूर्वेतिहास वाचण्याचें साधनच हरपतें. म्हणून सरकारांनीं व विद्वत्संस्थांनीं त्यांचे पुरे संग्रह वेळींच करून ठेवावे. तसें न झालें तर पुढील पिढ्या आपल्याला धनाच्या मागें लागून आंधळे झालेले लोक म्हणून दोष देतील. प्रत्येक जीव परमेश्वराच्या हातची कृति आहे असें आपण तोंडानें म्हणतों, आणि त्यांतील कित्येक जीव कोणी न ओळखतां, कोणी न जपतां कायमचे नाहींसे होत असतांना स्वस्थ पाहत बसतों, ही केवढी विसंगति!

हें वाचून आम्ही अंतर्मुख झालों. वॉलेस नियमानें उपासनेस जाणाऱ्यांपैकीं नव्हता आणि त्याचीं धर्मविषयक मतें आमच्या मतांशीं जुळत नाहींत. परंतु त्याचा हा बोल आम्हां श्रद्धावंतांवरच आहे. रविवारीं उत्पन्नकर्त्याची स्तुति करावयाची आणि सोमवारीं त्याच्या कृतीविषयीं बेफिकीर राहावयाचें, या वागण्याला आमच्यापाशीं उत्तर नाहीं. अक्षरांच्या उपमेंतील सत्यहि विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. लाँबॉकचे काकाकुवे व बालीचे सुतार पक्षी १८५६ च्या आधीं कोणी मारून संपविले असते, तर ती रेषा वॉलेसला दिसली असती काय? किती रेषा दिसावयाच्या आधींच पुसल्या गेल्या असतील, याचा हिशेब कोण देणार?

१८७६ सालीं प्राण्यांच्या भौगोलिक वांटणीवर त्याचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला. त्यांत त्यानें सर्व पृथ्वीचे सहा प्राणिविभाग मांडले. आपला देश बहुतांशीं त्यांतील पौर्वात्य विभागांत येतो. १८७८ सालच्या ग्रंथांत, सिंहलद्वीपांत व हिंदुस्थानांत कॉफीच्या मळ्यांसाठीं डोंगरावरील जंगलें सरसकट तोडलीं तर उष्ण प्रदेशांतील मुसळधार पाऊस माती धुऊन नेईल, हवामान बिघडेल व देश दरिद्री होईल, असा इशारा त्यानें दिला. आपल्याकडील कोणत्याहि उघड्या डोंगराच्या पायथ्याशीं पावसाळ्यांत उभें राहून ओढ्याचें तांबडें पाणी पाहिलें म्हणजे या इशाऱ्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

१८८० सालीं बेटांवरील जीवसृष्टीविषयीं लिहितांना त्यानें सेंट हेलिना बेटाची करुण कहाणी सांगितली आहे. पोर्तुगीज लोकांनीं १५१३ सालीं तेथें बकऱ्या सोडल्या. बकऱ्या वाढल्या, त्यांनीं कोंवळीं रोपें खाल्लीं. म्हातारीं झाडें मेलीं, पण नवीं उगवलीं नाहींत. पुढें बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यांत आलें. १७०९ सालीं तेथील गव्हर्नरानें, लांकूड झपाट्यानें संपत आहे, तरी आबनूस वांचविण्यासाठीं बकऱ्या मारण्याची परवानगी असावी, असें लिहिलें. बकऱ्यांची किंमत आबनुसाहून अधिक आहे, सबब त्या मारूं नयेत, असें कंपनीचें उत्तर आलें. शंभर वर्षांनीं तेथें सरपणहि बाहेरून आणावें लागूं लागलें, आणि जगांत दुसरीकडे कोठेंहि नसलेल्या अनेक वनस्पति नाहींशा झाल्या. जमाखर्चाच्या वहींत बकरीची किंमत मांडतां आली. जंगलाची मांडण्यास रकानाच नव्हता.

इतक्या मोठ्या मनुष्याचा संसार मात्र ओढाताणीचाच राहिला. १८६६ सालीं त्याचा विवाह ॲनी मिटन हिच्याशीं झाला. तीन मुलांपैकीं थोरला मुलगा बालवयांतच गेला. संग्रह विकून आलेला पैसा फसव्या कंपन्यांत बुडाला. त्याला कायमची नोकरी कधीं मिळाली नाहीं. लंडनजवळच्या एपिंग जंगलाची देखरेख करण्याची जागा मिळावी म्हणून त्यानें खटपट केली, पण तीहि हुकली. घर चालविण्यासाठीं तो सरकारी परीक्षांचे पेपर तपाशी. आम्हां शिक्षकांना तें कष्ट चांगले ठाऊक आहेत! शेवटीं डार्विननें पुढाकार घेऊन खटपट केली व १८८१ पासून त्याला सालीना २०० पौंडांचें पेन्शन सुरू झालें. सिद्धान्ताच्या बाबतींत जे प्रतिस्पर्धी व्हावयाचे ते असे एकमेकांचे उपकारकर्ते झाले.

वॉलेसच्या हातून चुकाहि झाल्या. मृतात्म्यांशीं बोलण्याचे प्रयोग करणाऱ्यांवर त्यानें भोळेपणानें विश्वास ठेविला. देवी टोचण्यास त्यानें जाहीर विरोध केला. देवीचा रोग टोचण्यामुळेंच जगांतून नाहींसा झाला, हें आज सर्वांस ठाऊक आहे. मनुष्याची बुद्धि व नीति यांची उत्पत्ति केवळ नैसर्गिक निवडीनें लागत नाहीं, त्यामागें श्रेष्ठ शक्ति असली पाहिजे, असें मत त्यानें १८६९ पासून मांडलें. त्यामुळें डार्विनला वाईट वाटलें, तरी मैत्री तुटली नाहीं. मोठ्या माणसाचें सर्वच म्हणणें मान्य केलें पाहिजे असें नाहीं, हेंहि विद्यार्थ्यांनीं त्याच्याच चरित्रावरून शिकावें.

१९०८ सालीं त्याला इंग्लंडचा ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा मोठा सन्मान मिळाला. १९१० सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, त्यानें जीवसृष्टीवर आणखी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. झरा किंवा नदी घाण करणें, एखाद्या पक्ष्याची वा पशूची जाति संपविणें, हें नीतीविरुद्ध वर्तन व समाजाचा गुन्हा मानावा, असें त्यानें त्यांत आग्रहानें लिहिलें. ७ नोव्हेंबर १९१३ रोजीं ब्रॉडस्टोन या गांवीं तो वारला. त्याच्या थडग्यावर कोट्यवधि वर्षांपूर्वीं दगड झालेला एका झाडाचा बुंधा उभा केलेला आहे. सृष्टीचीं जुनीं अक्षरें वाचणाऱ्याला याहून शोभणारें स्मारक क्वचितच मिळालें असतें.

शेवटीं एक लहानशी हकीकत सांगून हा लेख संपवितों. १८५८ सालीं बाचान बेटावर वॉलेसला माणसाच्या अंगठ्याएवढी, मोठ्या जबड्यांची एक काळी मधमाशी मिळाली होती. त्यानंतर ती कोणालाच दिसेना. ती नष्ट झाली असावी असें लोक समजले. १८५८ नंतर १२३ वर्षांनीं, १९८१ सालीं, ती पुन्हां आढळली. आणि २०१९ सालीं मोलुक्का बेटांत कांहीं संशोधकांनीं तिचें जिवंतपणीं छायाचित्र प्रथमच घेतलें. ती झाडावरील वाळवीच्या वारुळांत घर करिते. तें रान उभें आहे तोंवर ती आहे. ग्रंथांतील एक अक्षर गळलें असें वाटत होतें, तें अजून जाग्यावर होतें. आमच्या शाळेच्या आवाराभोंवतीं किती पक्षी, किती फुलपांखरें व किती भुंगेरे आहेत, आणि त्यांपैकीं किती आपल्याला नांवानें ओळखतां येतात? वॉलेसनें एका शिलिंगाच्या पुस्तकानें आरंभ केला. आमच्या विद्यार्थ्यांनीं एका वहीनें करावा. ज्याचें नांव आपण शिकतों तें पुसून टाकण्यास हात सहसा धजत नाहीं.